नागपुरात मालगाड्या बघायच्या असतील तर कुठं उभं राहायचं

"मालगाडी बघायला जाते का कोणी?" हे मला पहिल्यांदा आईनंच विचारलं होतं. तिचं माहेर इतवारीचं, लहानपण सगळं रुळाच्या आवाजात गेलं, त्यामुळं तिच्या हिशोबानं मालगाडी म्हणजे फाटक पाडणारी आणि शाळेत उशीर करवणारी वस्तू, ती बघायला पेट्रोल जाळून काहून जायचं. आता तीच नातवाला घेऊन कामठीच्या फलाटावर बसते, पोट्टं डबे मोजते आणि ही मधेच बोलून त्याचा आकडा चुकवते. तर ज्यांना हा नाद लागला आहे किंवा घरातल्या लहान पोरामुळं लागून राहिला आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, नागपूर धरून लिहितोय कारण मला तेच माहीत आहे, पण जागा शोधायची पद्धत कुठल्याही शहरात चालेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की मालगाडीची वेळ कळेल. नाही कळत. आपल्या फोनमधली जी रेल्वेची ॲप आहेत ती पॅसेंजर गाड्यांची, त्यात मालगाडी दिसत नाही, आणि मालगाडीला आपल्यासारखं टाइमटेबलही नसतं, कंट्रोलवाले मोकळी वाट दिसली की तिला पुढं सोडतात नाहीतर कडेला उभी करतात. म्हणून वेळेच्या मागं लागण्यात अर्थ नाही, जागेच्या मागं लागायचं. आणि जागा म्हणजे नुसती जिथून रूळ दिसतात ती नाही, तर जिथं मालगाडीला थांबावंच लागतं किंवा हळू व्हावंच लागतं ती. हा फरक मला उशिरा कळला. पहिल्या उन्हाळ्यात मी शहराबाहेरच्या एका उड्डाणपुलावर एप्रिलच्या उन्हात अडीच तास उभा होतो, काय तर म्हणे व्ह्यू चांगला आहे, व्ह्यू चांगलाच होता, पण अडीच तासात एक मालगाडी आली आणि ती पण अशी सुसाट की फोनचा कॅमेरा चालू करेपर्यंत गार्डचा डबा निघून गेला. हिशोब करून बघा, कोळशाचा ५८ डब्यांचा रेक (म्हणजे डब्यांची अख्खी जोडलेली रांग) इंजिन धरून साधारण साडेसहाशे मीटर, तो ताशी ६० नं गेला तर ४० सेकंदात संपला. तोच २५ च्या स्पीडनं गेला तर दीड मिनिट मिळतं, आणि लूप लाईनला, म्हणजे मेन लाईनच्या कडेच्या थांबायच्या रुळावर, उभा राहिला तर मग चहा पिऊन या, तो तिथंच असतो.

नागपूरला मालगाड्या इतक्या का, हे थोडं समजून घेतलं की जागा आपोआप सुचायला लागतात. मुंबईकडून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इथं १८६७ मध्ये पोचली, आणि पूर्वेकडून छत्तीसगडची लाईन, जी पुढं १८८७ ला स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं घेतली. दोन कंपन्या दोन दिशांनी आल्या, त्याचा परिणाम आजही असा की नागपूर डिव्हिजन नावाची दोन डिव्हिजन आहेत, एक मध्य रेल्वेचं आणि एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, दोघांची ऑफिसं याच शहरात. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. पण आपल्या कामाचा मुद्दा असा की एका झोनची गाडी इथं दुसऱ्या झोनच्या हातात जाते, म्हणजे देणं-घेणं आलं, क्रू बदलणं आलं, म्हणजेच थांबणं आलं.

त्यात माल कुठून कुठं जातो ते बघा. पूर्वेकडून, म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूनं, छत्तीसगडातल्या कोरब्याकडचा कोळसा आणि भिलाईचं स्टील येतं. दक्षिणेकडून, वर्धा-चंद्रपूरच्या बाजूनं, पुन्हा कोळसा आणि सिमेंट. शहराच्या उंबरठ्यावर कामठी, सिल्लेवाडा, गोंडेगाव या भागात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणी. आणि हा कोळसा खाणारे कोराडी आणि खापरखेडा हे पॉवर हाऊस शहराच्या उत्तरेलाच बसलेले, एकटं खापरखेडाच १३४० मेगावॅटचं. ५८ डब्यांच्या एका रेकमध्ये चार हजार टनाच्या आसपास कोळसा येतो, तो खाली झाला की तोच रेक रिकामा परत. म्हणजे कोळशाची प्रत्येक गाडी तुम्हाला दोनदा दिसायचा चान्स असतो, एकदा भरलेली एकदा रिकामी, आणि दोन्हींचा आवाज इतका वेगळा की आठवडाभरात तुम्ही पाठ फिरवूनही ओळखाल. भरलेली गाडी जमिनीतून येते, पायाला आधी कळते, धप्प धप्प असा जड ठेका. रिकामी गाडी म्हणजे लग्नाच्या भांड्यांचा टेम्पो.

आता जागा शोधायची कशी. घरी बसून सॅटेलाईट मॅप उघडा आणि रुळांवर बोट ठेवून सरका. एका जागी दोनाचे चार, चाराचे सहा रूळ झालेले दिसले की तिथं स्टेशन किंवा यार्ड आहे आणि तिथं लूप लाईन आहेत, मालगाडी तिथं उभी राहू शकते. कुठं एखादा रूळ मेन लाईन सोडून वळून कारखान्याकडं, गोडाऊनकडं, पॉवर हाऊसकडं जातोय का बघा, ती साईडिंग, तिथं वळताना गाडी हळू होणारच. दोन लाईन जिथं एकमेकींना मिळतात ते तर सोनंच, कारण एकीला जाऊ द्यायचं तर दुसरीला थांबवावं लागतं. एवढं झालं की त्या जागेच्या आजूबाजूला पब्लिकची हक्काची जागा शोधा, म्हणजे स्टेशनचा फलाट, पादचारी पूल, फूटपाथ असलेला उड्डाणपूल, अंडरपासचा रस्ता, चहाची टपरी, नदीचा काठ. हे दोन्ही जिथं जुळलं ती तुमची जागा. मॅपवर रुळाला चिकटून एखादी गल्ली दिसते आणि आपण खूश होतो, पण प्रत्यक्षात तिथं सहा फुटाची भिंत निघते किंवा कोणाच्या तरी घराचं मागचं आंगण, त्यामुळं एकदा गाडीवर चक्कर मारल्याशिवाय पक्कं धरू नका.

या पद्धतीनं नागपुरात माझी एक नंबरची जागा म्हणजे कामठी स्टेशन. हावडा लाईनवर, पूर्वेकडून येणारा सगळा जड माल इथूनच शहरात शिरतो. कामठी सोडली की लाईन कळमन्याला जाऊन फाटते, एक इतवारीकडं आणि एक नागपूर मेन स्टेशनकडं, आणि कळमना ते नागपूर हा तुकडा तर बरीच वर्षं एकेरी लाईनचा म्हणून बदनाम. पुढं गर्दी असली की मालगाड्या कामठीला अडकतात. प्रवाशाला या गोष्टीचा वैताग, आपल्यासाठी तीच सोय. फलाटावर सावली आहे, बसायला बाक आहे, पाणी आहे, बायका-पोरं म्हातारी माणसं सगळे जाऊ शकतात, आणि दहा रुपयाचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. मी तर उलट करतो, इतवारीहून गोंदियाकडं जाणाऱ्या मेमूचं तिकीट काढतो आणि कामठीला उतरतो, म्हणजे जाताना वाटेत कळमन्याला कोणत्या लाईनवर काय उभं आहे तेही खिडकीतून बघून होतं.

फलाटावर पोचलात की टोकाकडं थोडं चालत जा (उतार सुरू होतो त्याच्या अलीकडं थांबा, उतार उतरायचा नाही) आणि स्टार्टर सिग्नल बघायला शिका. प्रत्येक लाईनला फलाटाच्या टोकाशी आपापला सिग्नल असतो. समजा लूपला मालगाडी उभी आहे, तिचा सिग्नल लाल आहे आणि मेन लाईनचा हिरवा झाला, म्हणजे मागून एक्सप्रेस येऊन राहिली, ती गेल्याशिवाय ही हलत नाही, आरामात बसा. एक्सप्रेस गेली, दोन-चार मिनिटं गेली आणि लूपचा लाल जाऊन पिवळा झाला की उठून उभं राहा, कारण आता जे ऐकायला मिळतं त्यासाठीच इथं यायचं. आधी इंजिनचे ब्लोअर (आतले मोठे पंखे) जोर धरतात, मग लोको पायलट हॉर्न देतो, मग काहीच होत नाही असं वाटतं आणि पहिल्या डब्यापासून कपलिंग ताणल्याचा खण्ण आवाज निघतो आणि एकेक डबा पकडत पकडत मागं पळत जातो, तुमच्या समोरून जातो आणि पार गार्डच्या डब्यापर्यंत पोचतो, आणि तोपर्यंत पुढचं टोक माणसाच्या चालीनं सरकायला लागलेलं असतं. चार-पाच हजार टनाचं वजन जागचं हलताना आवाज असा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जातो. एकदा ऐकलं की सुसाट जाणाऱ्या गाड्यांचं कौतुक कमी होतं, माझं तरी झालं.

कामठीबद्दल एक सूचना. ते छावणीचं गाव आहे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र तिथं आहे. लष्कराची गाडी दिसली, रणगाडे, तोफा, हिरव्या ताडपत्र्या, तर फोन खिशात. बघा, फोटो नाही. यात काही चर्चा नाही.

कामठीच्या पुढं कन्हान नदी ओलांडून लाईन जाते, नदीवरचा पूल आणि त्यावर कोळशाचा रेक हा फोटो कोणाला नको असतो, तर काठावर सार्वजनिक वाट कुठं आहे ते सॅटेलाईटवर बघून ठेवा आणि पावसाळ्यात काठाच्या नादी लागू नका. रेल्वेच्या पुलावर पायी जायचं तर विचारही नको.

कळमना आणि इतवारी मी एका वाक्यात उरकतो, गाड्या भरपूर पण उभं राहायला आरामाची जागा कमी, इतवारी (आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी) स्टेशनच्या फलाटावरून जे दिसतं ते घ्या आणि निघा, संत्र्याच्या सीझनमध्ये कळमना मार्केटच्या बाजूनं गेलात तर ट्रॅफिकमध्येच संध्याकाळ जाईल.

शहराच्या मध्यात बघायचं तर गड्डीगोदाम. कामठी रोडवर तिथं एक अजब प्रकार आहे, खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वेची लाईन, तिच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, असे चार मजले. रेल्वेची लाईन ही दिल्लीकडं जाणारी, इटारसीची. स्टेशन जवळ असल्यानं गाड्या इथं जोरात नसतात. खालून बघाल तर डब्यांची पोटं आणि चाकं दिसतात, आणि ऑरेंज लाईनच्या मेट्रोत खिडकीशी उभं राहिलात तर काही सेकंद का होईना रेल्वेलाईन चक्क पायाखाली दिसते, नशीब असलं तर वरून कोळशानं भरलेले डबे, काळे चौकोन ओळीनं. भाचीला घेऊन मी तीन फेऱ्या मारल्या तेव्हा एकदा जमलं. तिला मेट्रो आवडली, मालगाडी नाही, असो.

लोहापूल सगळ्या नागपूरकरांना माहीत आहे, पण तिथं बघायला नाही तर ऐकायला जायचं. कॉटन मार्केटकडून सीताबर्डीकडं येताना पुलाखाली असताना वरून भरलेला रेक गेला की बाजूच्या रिक्षावाल्याचं बोलणं बंद होतं, त्याला सवय असते, तो वाक्य अर्धं सोडून थांबतो आणि गाडी गेल्यावर तिथूनच सुरू करतो. पुलाखाली गाडी उभी करू नका, मागचे शिव्या घालतात आणि बरोबरच घालतात.

रामझुल्याबद्दल, म्हणजे स्टेशनजवळच्या रुळांवरच्या केबल पुलाबद्दल, लोकं विचारतात. वरून नजारा भल्ला आहे पण तो वाहता रस्ता आहे, दुचाकी कडेला लावून रूळ बघत उभं राहणं म्हणजे मागून येणाऱ्या कारला आमंत्रण. मी नाही सुचवत. तसंच डायमंड क्रॉसिंगचं, नागपूरची शान वगैरे म्हणून रील बघून पोरं तिथं रुळांवर पोचतात, ती रेल्वेची हद्द आहे, आणि जमिनीवर उभं राहून तसंही चार रूळ एकमेकांना छेदताना दिसण्यापलीकडं काही दिसत नाही.

अजनीला जायचं ते इंजिनांसाठी. इलेक्ट्रिक लोको शेड (इंजिनांच्या देखभालीची जागा) तिथं आहे, आणि बिहारात मधेपुऱ्याला बनतात त्या १२,००० हॉर्सपॉवरच्या डब्ल्यूएजी-१२ इंजिनांच्या देखभालीचा एक डेपो सहारनपूरला आणि दुसरा आपल्या नागपुरात. शेडच्या आत सोडत नाहीत, गेटवर जाऊन हुज्जत घालू नका. पण अजनी स्टेशनच्या फलाटावर तासभर बसलात तर एकटी इंजिनं येता-जाताना दिसतात, बिनडब्यांची. डब्ल्यूएजी-१२ ओळखायला सोपं, दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडल्यासारखं लांबलचक आणि नंबर ६० नं सुरू. डब्ल्यूएजी-९ त्याच्या अर्ध्या ताकदीचं, ६,१२० हॉर्सपॉवर, पण आपल्या भागात सगळीकडं तेच. इंजिनच्या अंगावर शेडचं नाव लिहिलेलं असतं, अजनी, भिलाई, भुसावळ, काझीपेट, ते वाचायची सवय लावा. माझ्या वहीत एक पान नुसतं लांबून आलेल्या शेडचं आहे आणि ज्या दिवशी ओळखीच्या सहा शेडच्या बाहेरचं काही दिसतं त्या दिवशी मी घरी येऊन सांगतो आणि कोणी ऐकत नाही.

दक्षिणेला वर्धा लाईनवर खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी ही छोटी स्टेशनं आहेत, बोरखेडीला कंटेनर टर्मिनलही आहे. गर्दी नाही, शांतता आहे, सकाळी पक्षी आहेत. पण मेन लाईन असल्यानं पॅसेंजर गाड्या सणसणीत जातात, फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागंच, आणि पोरं हाताशी धरून.

वेळेबद्दल वर म्हटलं की कळत नाही, पण अंदाज बांधता येतो आणि त्याची युक्ती उलटी आहे. ॲपमध्ये त्या स्टेशनवरून जाणाऱ्या एक्सप्रेस आणि मेमूच्या वेळा बघा आणि जिथं तासभराची फट दिसते ती लिहून घ्या. एक्सप्रेसची रांग लागलेली असते तेव्हा मालगाड्या लूपला बसून असतात, आणि फट आली की एकामागोमाग एक सुटतात. म्हणून फट सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी पोचायचं, म्हणजे उभी असलेली पण बघता येते आणि सुटतानाची पण. असं चार-पाच रविवार केलं आणि वहीत नुसती वेळ, दिशा, भरलेली की रिकामी आणि डब्यांचा प्रकार एवढंच लिहिलं तरी तुमच्या जागेचा स्वभाव कळतो. एखाद्या दिवशी तीन तासात काही येत नाही. ब्लॉक घेतलेला असतो, कुठं तरी काम चाललेलं असतं. तर्री पोहे खाऊन घरी या.

एक ऐकायची खूण अशी की स्टेशनवर "न थांबणारी गाडी येत आहे, फलाटाच्या कडेपासून दूर राहा" अशी घोषणा होते, तेव्हा ॲपमध्ये त्या वेळेला काहीच नसेल तर बहुतेक ती मालगाडीच.

डबे ओळखायला सगळा कोर्स करायची गरज नाही. वरून उघडे उंच डबे म्हणजे बॉक्सएन, कोळसा. त्यातच पोट खाली निमुळतं होत गेलेलं, घागरीसारखं, ते बॉबआरएन, पॉवर हाऊसला खालून दारं उघडून कोळसा पाडायचे. बंद डबे, सरकत्या नाहीतर दुमडत्या दारांचे, ते बीसीएन, सिमेंट, खत, धान्य, आणि सिमेंटचे असले की दाराच्या फटीतून पांढरी रेघ ओघळलेली असते. गोल टाक्या बीटीपीएन, पेट्रोल-डिझेल. सपाट डब्यांवर कंटेनर, नाहीतर स्टीलची गुंडाळी, ती अवजड असते म्हणून डबा अर्धा रिकामा दिसतो पण वजन पुरं भरलेलं. पुतण्याला आधी हेच कोडं पडलं होतं की "काका, एवढी जागा सोडून काहून दिली?"

उभ्या गाडीजवळ फलाटावरून डब्याचा नंबर वाचा, अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार, पुढचे दोन तो कोणत्या रेल्वेच्या मालकीचा, त्यापुढचे दोन बनवल्याचं वर्ष, मग चार त्याचा स्वतःचा नंबर आणि शेवटचा एक तपासणीचा. म्हणजे पाचवा-सहावा आकडा १२ असला तर तो २०१२ चा डबा. पोरांना हे एकदा सांगितलं की त्यांचा अर्धा तास पक्का, स्वतःच्या जन्मवर्षाचा डबा शोधत बसतात. एका रेकमध्ये चौदा वेगवेगळी वर्षं निघाली होती, कोळशाच्या धुळीखाली फडकं न लावता वाचली तेवढी.

आणि एक चीज आहे ती दिसली तर दिवस सार्थकी. भिलाईत १३० मीटरचे रूळ बनतात आणि दोन जोडून २६० मीटरचा एक तुकडा करून पाठवतात. तो तुकडा एका डब्यावर मावत नाही, बऱ्याच सपाट डब्यांवर मिळून आडवा पसरलेला असतो. गाडी वळणावर आली की डबे वळतात आणि वरचे रूळ पण त्यांच्यासोबत वाकतात, चक्क वेताच्या छडीसारखे, आणि सरळ लाईन आली की पुन्हा सरळ. लोखंड वाकताना बघून मी फोटो काढायचाच विसरलो. कामठीच्या बाजूला वर्षभरात असं मोजून दोनदा दिसलं आहे मला.

सुपर वासुकीबद्दल विचारणारे पण असतात. १५ ऑगस्ट २०२२ ला पाच रेक जोडून २९५ डब्यांची साडेतीन किलोमीटर लांब गाडी चालवली होती, २७ हजार टन कोळसा. ती कोरब्याहून राजनांदगावपर्यंत होती, डिव्हिजन नागपूरचं असलं तरी नागपूर शहरात ती आली नव्हती, त्यामुळं कामठीला तिची वाट बघू नका. पण दोन रेक जोडलेली लाँग हॉल गाडी दिसू शकते. ओळख अशी की डबे संपत आले असं वाटतं आणि मधेच पुन्हा इंजिन येतं आणि मागं तेवढेच डबे.

आता नियमाचं बोलू, कारण इथंच लोकं माती खातात. रुळांवर जाणं, यार्डात शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, मालगाडी मागून येते तेव्हा ऐकू येईलच असं नाही, विशेषतः इलेक्ट्रिक इंजिन पुढं असताना आणि शेजारच्या लाईनवर दुसरी गाडी आवाज करत असताना. उभ्या मालगाडीखालून वाकून पलीकडं जाणारे रोज दिसतात, त्या खण्ण आवाजाचं वर लिहिलं ना, तो आवाज आला म्हणजे तुमच्या डोक्यावरचा डबा हललेला असतो. डब्यावर चढून फोटो तर अजिबात नाही. वरची तार २५ हजार व्होल्टची आहे, तिला हात लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं. पादचारी पुलावर सेल्फी स्टिक वर करू नका, ड्रोन घरी ठेवा.

फोटोचं म्हणाल तर मोबाईलनं स्टेशनवर एखादा फोटो काढला तर सहसा कोणी काही म्हणत नाही, पण मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड काढला की आरपीएफवाले (रेल्वे सुरक्षा दलाचे लोक) येतात. मला एका स्टेशनवर पाऊण तास बसवून ठेवलं होतं, चूक माझी होती, ट्रायपॉड फलाटाच्या कडेला लावला होता. साहेबांनी वही चाळली, त्यात फक्त डब्यांचे नंबर आणि "रिकामी, कळमन्याकडे" असलं लिहिलेलं, त्यांना ते आणखीनच संशयास्पद वाटलं. तेव्हापासून मी पोचल्यावर आधी ड्युटीवरच्या माणसाला नमस्कार करून सांगतो की साहेब, मालगाड्या बघायचा नाद आहे, इथं बाकावर बसतो, तिकीट आहे. नव्वद टक्के वेळा ते हसतात, आणि एखादा म्हणतो थांबा मग, मागून अजून एक येऊन राहिली. ही माहिती कुठल्याच ॲपमध्ये मिळत नाही. थांबवलं तर थांबायचं, नाही म्हटलं तर निघायचं.

सामान जास्त लागत नाही. पाणी दोन बाटल्या, मे महिन्यात तीन, इथं ४५ डिग्री म्हणजे गंमत नाही आणि फलाटाचं पत्र्याचं छप्पर दुपारी भट्टी होतं, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ, बस. टोपी, वही, पेन, आणि एक ओला रुमाल, कोळशाचा रेक वेगानं गेला की डोळ्यात बारीक कण जातात, चष्मा असेल तर उत्तम. सूर्य पाठीमागं राहील अशा बाजूला उभं राहा नाहीतर काळे डबे काळेच येतात. हिवाळा सगळ्यात चांगला, फक्त उत्तरेकडं धुकं पडलं की दिल्ली लाईनच्या एक्सप्रेस लेट होतात आणि तुमचा फटींचा सगळा हिशोब कोलमडतो.

गाडी आलीच नाही आणि पोरं कंटाळली तर कडबी चौकाजवळ मोतीबागला नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे, २००२ पासून, तिथली इंजिनं कुठं जात नाहीत, हमखास दिसतात.

बाहेरगावच्या लोकांसाठी थोडक्यात. डोंबिवलीच्या बाजूला राहत असाल तर कोपर स्टेशन बघा, दिवा-वसई लाईन तिथं मेन लाईनच्या वरून जाते, वरच्या फलाटावर लोकलची गर्दी नाही आणि कंटेनरच्या गाड्या जातात. पनवेलकडच्यांनी कळंबोली, स्टील तिथं उतरतं. पुणेकरांनी लोणी, टाक्यांचे रेक, किंवा सरळ दौंड. भुसावळवाल्यांना मी काय सांगणार, त्यांनी खिडकी उघडावी.

परवाच्या रविवारची वही उघडी आहे समोर म्हणून उतरवतो, म्हणजे काय लिहायचं ते कळेल: कामठी, ७:१० भरलेली बॉक्सएन नागपूरकडे, लूपला, दोन इंजिनं, पुढचं भिलाईचं. ७:४२ एक्सप्रेस गेली. ७:४९ सुटली. ८:०५ रिकामी बॉबआरएन गोंदियाकडे, न थांबता. ८:३० पर्यंत काही नाही. आईचे डबे ५७, पुतण्याचे ५८, भांडण.